मेणातला तुकडा

धंतोलीतल्या लॅबच्या खिडकीतून
सही करून घेतला मी
खाकी पाकिटात बाबांचा तुकडा,
मेणात बसवलेला, चिंचोक्याएवढा,
आणि काचेच्या बारा पट्ट्या.
"उन्हात ठेवू नका, वितळेल," खिडकीतला मुलगा म्हणाला.
मे महिना. नागपूर. सेहेचाळीस.
पाकीट ओढणीत गुंडाळून
कॅनॉल रोडच्या रसवंतीवाल्याकडे बर्फ मागितला.
त्यानं विचारलं, मासोळी आहे का?

त्या अवयवाचं नाव आमच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं.
थायमस.
छातीच्या हाडामागे असतो, डॉक्टर बोकारे सांगत होते,
लहानपणी मोठा, मग सुकत जातो,
म्हाताऱ्या माणसात जवळजवळ नसतोच.
बाबांचं लहानपण आठव्या वर्षी संपलं,
गोळीबार चौकामागच्या घरात
मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले तेव्हा.
मग हे इतकी वर्षं
कुठं लपून राहिलं होतं?

"मले सांग, हे किती जणायले होते?"
दहा लाखांत एखाद्याला, मी म्हटलं.
बाबा हसले, खोकले, पुन्हा हसले.
"पाहाय बरं. चौथी नापास माणूस मेरिटात आला."

रामदासपेठेत म्हणाले, कापून काढू,
पण गाठ मोठ्या शिरेला टेकली आहे.
मेडिकलमध्ये म्हणाले, आधी किमो, मग बघू.
तिसरे माझ्याकडे न बघता म्हणाले,
वीस वर्षांत अशा दोन केसेस पाहिल्या.
त्या दोघांचं काय झालं
हे जिना उतरताना विचारायचं ठरवलं.
खाली आले. स्कूटीची सीट तापली होती.
राहिलं.

शेवंतामावशीनं ताजबागेतून धागा आणला.
बाबांनी तो अंगठ्यावर उलगडून पाहिला,
"दोन तारी. पीळ ढिला आहे," म्हणाले,
आणि हात पुढं केला, बांध म्हणून.

रात्री ट्यूबलाइटखाली
त्यांना स्वतःची पट्टी बघायची होती.
मी दिली. पडली तर पडली.
करवती काठात चुकलेली तार
चार हातांवरून ओळखणारा तो डोळा
काचेवरच्या गुलाबी-जांभळ्या डागावर थांबला.
खूप वेळ.
"इथं वीण दाट झाली," बोटानं दाखवलं.
"कारागीर घाईत होता."
मग चष्मा पुसत,
"रंग मात्र पक्का दिसते."

वेल्लोरहून दोन ओळी आल्या:
ब्लॉक पाठवा, तपासून सांगतो,
एक नवीन औषध आहे, लागू पडेल की नाही
हे या तुकड्यावरच ठरेल.
दोन ओळी मी अकरा वेळा वाचल्या.
"की नाही" वर दर वेळी अडखळले.

सीताबर्डीच्या कुरियरवाल्यानं विचारलं, आत काय?
मेण, मी म्हटलं.
किंमत किती टाकू?
मी गप्प.
मॅडम, शून्य घेत नाही कॉम्प्युटर.
मागे रांग. कुणीतरी राख्या पाठवत होतं का,
नाही, अजून वेळ होता राख्यांना,
लग्नपत्रिका होत्या, हळदीची बोटं लावलेल्या.
बाबा कधी आपणहून भाव सांगत नसत,
लुगडं गिऱ्हाइकासमोर सरकवायचे,
आधी हात लावून पाहा म्हणायचे.

शंभर, मी म्हटलं.
त्यानं शंभर टाकले,
टेप दोनदा फिरवली, दातानं तोडली.

साडेदहाला बाबांनी विचारलं, पोचलं का माझं?
मोबाइलवर: नागपूर हब, पुढील वाहनाच्या प्रतीक्षेत.
म्हणजे वाडीच्या गोदामात, मी म्हटलं, इथंच.
बाहेर कूलरचा पंखा पाणी फेकत घरघरत होता.
बाबांनी कूस बदलली,
छातीवर हात तसाच.
"तिथं कूलर असन ना वं?"